आखातमार्गे विमानप्रवास: तिकीट काढण्यापूर्वी कोणता विचार करावा?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गणपतीला गावी येणाऱ्या परदेशस्थ मंडळींची तिकिटे काही महिने आधीच निघतात, आणि गणपती आटोपल्यावर मुलामुलींकडे कॅनडा, जर्मनी किंवा इंग्लंडला जाणाऱ्या आईवडिलांची तिकिटेही त्याच सुमारास काढली जातात. आपल्या रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पुष्कळांच्या हाती पडणारे तिकीट दोहा, दुबई, अबू धाबी, बहरीन किंवा कुवेत येथे विमान बदलण्याचे असते, कारण थेट विमानापेक्षा ते बहुधा स्वस्त पडते. आखातातील परिस्थिती बिघडल्याच्या बातम्या येऊ लागल्या की ‘तिकडून जावे का?’ हा प्रश्न घराघरांत निघतो आणि त्याला साधारणपणे दोनच उत्तरे मिळतात. एक, ‘रोज हजारो लोक जातात, काही होत नाही’, आणि दुसरे, ‘तिकडे युद्ध पेटले आहे, त्या वाटेला जाऊ नका’. मी व्यापारी जहाजांवर नोकरी करून निवृत्त झालो आहे, बोटीवर रुजू होण्यासाठी आणि बोट सोडून घरी येण्यासाठी याच विमानतळांवरून वर्षानुवर्षे गेलो आहे, आणि आता दापोली तालुक्यातील ओळखीच्या कुटुंबांची तिकिटे व कागदपत्रे पाहून देतो. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात, कारण दोन्हींमध्ये प्रवास नेमका कोण करणार आहे याचा विचारच नसतो.

ज्या भीतीपोटी लोक हा प्रश्न विचारतात, तिच्याविषयी आधी लिहितो. विमानावरच हल्ला होण्याची शक्यता फार थोडी असली, तरी ती काल्पनिक नाही. ८ जानेवारी २०२० रोजी पहाटे, इराणने इराकमधील अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रे डागल्यानंतर काही तासांतच, तेहरानहून कीव्हला निघालेले युक्रेनचे प्रवासी विमान इराणच्याच हवाई संरक्षण दलाने पाडले आणि त्यातील सर्व १७६ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १३८ जण कीव्हला विमान बदलून कॅनडाला जाणार होते. त्यांत शिकणारी मुले होती, सुटी संपवून परतणारी कुटुंबे होती. त्या रात्री इराणने आपले आकाश नागरी विमानांसाठी बंद केले नव्हते. आकाश खुले आहे याचा अर्थ ते सुरक्षित आहे असा होत नाही, हे त्या घटनेने दाखवून दिले. म्हणून जेथे प्रत्यक्ष शस्त्रे चालत आहेत किंवा नुकतीच चालली आहेत, अशा देशात विमान बदलण्याचे तिकीट कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, यात मला तरी दुमत दिसत नाही.

खरा पेच आहे तो शेजारच्या देशांचा, म्हणजे स्वतः युद्धात नसलेल्या, सुव्यवस्थित विमानतळ असलेल्या, पण दोन पेटलेल्या शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेल्या देशांचा. १९९० साली कुवेतही स्वतः युद्धात नव्हता, पण शेजारच्या इराकशी त्याचे बिनसले होते. १ ऑगस्टच्या संध्याकाळी लंडनहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे १४९ क्रमांकाचे विमान कुवेत आणि मद्रासमार्गे क्वालालंपूरला जायचे होते. २ ऑगस्टला पहाटे ते कुवेतच्या धावपट्टीवर उतरले तेव्हा इराकी सैन्य सीमा ओलांडून आत आलेले होते. कुवेतशी काडीचा संबंध नसलेले, केवळ थांब्यापुरते उतरलेले प्रवासी ओलीस ठरले, त्यांतील अनेकांना इराकमधील मोक्याच्या ठिकाणी मानवी ढाल म्हणून ठेवण्यात आले, आणि शेवटच्या ओलिसांची सुटका त्या वर्षीच्या डिसेंबरात झाली. आक्रमणाची खबर ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याला मिळाली होती, परंतु ती विमान कंपनीला कळवली गेली नाही, ही कबुली ब्रिटिश सरकारने २०२१ मध्ये, म्हणजे ३१ वर्षांनी दिली. त्याच आक्रमणानंतर एअर इंडियाने अम्मानहून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणले. त्यात आपल्या खेड, चिपळूण, मंडणगड, श्रीवर्धन या भागांतील माणसे होती, आणि ते दिवस आठवणारी घरे किनारपट्टीवर आजही आहेत.

असे प्रसंग विरळा. गेल्या काही वर्षांत वारंवार घडले आहे ते वेगळेच, आणि माझ्या मते निर्णय त्यावरून करायला हवा. २३ जून २०२५ रोजी संध्याकाळी इराणने कतारमधील अमेरिकी सैन्याच्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रे सोडली. कतारने थोडा वेळ आधीच आकाश बंद केले होते, पाठोपाठ बहरीन, कुवेत आणि संयुक्त अरब अमिरातीनेही काही काळ तेच केले. दोह्याकडे निघालेली विमाने मिळेल त्या विमानतळावर उतरली किंवा माघारी फिरली. मध्यरात्रीनंतर आकाश खुले झाले आणि विमानतळावरील कोणा प्रवाशाला शारीरिक इजा झाली नाही. तरीही हजारो माणसे आपले नसलेल्या देशात, आपल्या सामानाशिवाय, पुढचे विमान केव्हा मिळेल हे न कळता बसून राहिली. त्याच्या दहा दिवस आधी, १३ जूनला, इस्रायलने इराणवर हल्ला केला तेव्हा इराण, इराक, जॉर्डन आणि सीरियाचे आकाश बंद झाले होते. एप्रिल २०२४ मध्येही जॉर्डन, इराक आणि लेबनॉनने ते बंद केले होते. त्यामुळे आखातातून जाणाऱ्या प्रवाशाने मनाशी विचारायचा प्रश्न असा आहे: वाटेत दोन-तीन दिवस अडकलो तर मला ते झेपेल का, आणि तेवढे दिवस माझी जबाबदारी कोणावर असेल?

काही तासांच्या बंदीचा परिणाम दिवसेंदिवस का टिकतो, हेही समजून घ्यायला हवे. दोहा, दुबई यांसारखे विमानतळ विमानांच्या लाटांवर चालतात. एका ठराविक वेळेत चहूकडून विमाने येतात, प्रवासी आपापसांत बदलतात, आणि लगेच तीच विमाने चहूकडे निघतात. एक लाट चुकली की पुढच्या लाटेतील जागा आधीच विकलेल्या असतात. वैमानिक आणि कर्मचारी यांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे, म्हणून भलत्याच विमानतळावर उतरलेले विमान आकाश खुले होताच निघू शकत नाही. त्याला विश्रांती घेतलेले दुसरे कर्मचारी लागतात आणि ते भलत्याच ठिकाणी असतात. कतारसारख्या लहान देशाची अडचण आणखी मोठी, कारण त्याच्या चहूबाजूंना दुसऱ्यांचे आकाश आहे. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी त्याच्याशी संबंध तोडले तेव्हा तेथील विमानांना इराणच्या बाजूने वळसे घालावे लागले आणि दोहा ते दुबई ही थेट विमानसेवा २०२१ उजाडेपर्यंत बंद राहिली.

यावर कोणी म्हणेल की मग थेट विमानानेच जावे. हा उपायही पूर्ण नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुंबईहून युरोपला जाणारे थेट विमानही त्याच आकाशाच्या कडेने जाते, आणि २३ जूनच्या त्या रात्री एअर इंडियाने आखात, युरोप आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडील उड्डाणे थांबवली, काही विमाने अर्ध्या वाटेवरून परत बोलावली. तणावाचा प्रदेश म्हणजे नेहमी दुसऱ्याचाच, असेही नाही. बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बंद केलेले आकाश १६ जुलैलाच पूर्ण खुले झाले, आणि पहिल्या दिवशी युरोपला जाणारे हजारो प्रवासी दूरच्या बँकॉकमध्ये अडकून पडले. मे २०२५ मध्ये तर आपल्याच उत्तर आणि पश्चिम भागातील ३२ विमानतळ काही दिवस बंद होते. पाकिस्तानचे आकाश भारतीय कंपन्यांना बंद झाल्यामुळे अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावे लागले.

तरीही थेट विमानाच्या बाजूने एक मुद्दा मला निर्णायक वाटतो. थेट विमान रद्द झाले तर माणूस एक तर मुंबईत असतो किंवा मुलाच्या गावी. दोन्हीकडे कोणीतरी आपले असते, भाषा कळते, औषध मिळते. थांब्याच्या विमानतळावर यांतले काहीच हमखास नसते. आपल्याकडे लोक धीर देतात की दोह्यात भाचा आहे, दुबईत शेजाऱ्यांचा मुलगा आहे. तो धावून येईलही, पण बाहेर पडण्याचा व्हिसा नसेल तर आतल्या प्रवाशाला त्याच्याकडे जाता येत नाही आणि त्यालाही आत येता येत नाही. कतारमध्ये भारतीयांना काही अटींवर उतरल्यावर व्हिसा मिळतो. अमिरातीत अमेरिका, ब्रिटन अशा देशांचा वैध व्हिसा असलेल्यांना तशी सवलत आहे, इतरांना आधी व्हिसा काढावा लागतो. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असून ते बदलतात. म्हणून तिकीट काढतानाच ते पाहून ठेवावेत, अडकल्यावर नव्हे.

ज्यांच्यासाठी हे पत्र लिहितो आहे, त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहायला हवे. लेकीच्या बाळंतपणासाठी एकटी निघालेली गुहागरची साठी उलटलेली आई पहिल्यांदाच विमानात बसते. इंग्रजी येत नाही म्हणून मुलगी तिच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवते, म्हणजे कोणीतरी तिला एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पोचवील. सगळे सुरळीत असते तेव्हा ही युक्ती चांगली चालते. विमाने रद्द झाली की तोच मदतनीस शंभर जणांमागे एक असतो, आणि तिला एका कोपऱ्यात बसवून तो निघून जातो. घोषणा अरबी आणि इंग्रजीत होतात. फोनवर भारताचे सिम असते आणि विमानतळाच्या वायफायला जोडण्यासाठी काय करायचे हे तिला कोणी दाखवलेले नसते. मधुमेहाचे इन्सुलिन हातातल्या पिशवीत असते ते एका दिवसापुरते, उरलेले मोठ्या बॅगेत, आणि ती बॅग पुढच्या विमानाच्या नावाने आत कोठेतरी पडलेली असते. कंपनीने हॉटेल दिले आणि देशात प्रवेश करावा लागला, तर आणखी एक अडचण उभी राहते. लेकीसाठी प्रेमाने नेलेल्या अनारशांवर किंवा वाटणाच्या मसाल्यात खसखस असते, आणि अमिराती व सौदी अरेबियात खसखस ही बंदी असलेली वस्तू आहे. खोकल्याच्या किंवा तीव्र वेदनेच्या काही औषधांत कोडीन, ट्रामाडॉल असते, त्यांना अमिरातीत आधी परवानगी लागते. आपल्या थांब्याचा देश हा आपण प्रवेश करण्याचा देश होऊ शकतो, ही गोष्ट सामान भरताना कोणाच्याच ध्यानात नसते.

अशा प्रवाशासाठी तणावाच्या काळात आखातमार्गे तिकीट काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फरक काही हजार रुपयांचा असला तर तो सोसावा. फार असला तर प्रवास पुढे ढकलावा, किंवा कोणाची तरी सोबत मिळेल अशी तारीख धरावी. हेच तान्ह्या मुलाला घेऊन एकट्या निघालेल्या आईला, डायलिसिसवर असलेल्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला लागू आहे. धडधाकट, इंग्रजी समजणाऱ्या, हाताशी चार पैसे आणि चालू कार्ड असलेल्या तरुणाने मात्र शेजारच्या देशात तणाव आहे एवढ्यासाठी घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याने एवढेच पाहावे की पोचण्याची तारीख आणि कामाची तारीख यांत दोन-तीन दिवसांचे अंतर आहे. विद्यापीठाची प्रवेशाची शेवटची तारीख १० असेल तर ९ तारखेला पोचणारे तिकीट त्याने घेऊ नये.

आमच्या बोटीवरच्या मुलांचा प्रश्न थोडा निराळा आहे. तिकीट कंपनी काढते, मार्गही तीच ठरवते, आणि नवखा मुलगा ‘नको’ म्हणायला कचरतो. एप्रिल २०२४ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणने ‘एमएससी एरीज’ हे जहाज ताब्यात घेतले, तेव्हा त्यावरील २५ जणांपैकी १७ भारतीय होते. तेव्हापासून घरचे लोक बोट कोणत्या पाण्यात जाणार हे विचारू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. विमान कोठे बदलणार आणि ते चुकले तर कंपनीच्या कोणत्या माणसाला फोन करायचा, हेही त्यांनी तितक्याच आग्रहाने विचारावे. रुजू होण्याच्या आणि परतीच्या प्रवासाची जबाबदारी मालकावर असते, तेव्हा असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

तिकिटाविषयी एक गोष्ट कळकळीने सांगतो. मुंबई ते दुबई एका कंपनीचे आणि दुबई ते टोरांटो दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन सुटी तिकिटे काढून देण्याची पद्धत वाढली आहे, कारण त्यात पैसे वाचतात. शांततेच्या काळातही हे जोखमीचे आहे आणि तणावाच्या काळात तर ते करूच नये. एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असेल, तर पहिले विमान उशिरा पोचल्यास पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. सुटी तिकिटे असतील तर दुसरी कंपनी तुम्हाला ‘आलाच नाहीत’ असे धरते आणि पैसे बुडतात. शिवाय मध्ये सामान घेऊन पुन्हा द्यावे लागते, म्हणजे बाहेर पडण्याचा व्हिसा आलाच. प्रवासविम्यावरही विसंबून राहू नये, कारण बहुतेक पॉलिसींत युद्धामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, आणि घटना जगजाहीर झाल्यानंतर काढलेल्या विम्यातून त्या घटनेची भरपाई सहसा मिळत नाही. पॉलिसीतला अपवादांचा भाग घरातल्या शिकलेल्या मुलाने वाचून दाखवावा. परतीचा प्रवास युरोपातून असेल तर तेथील नियम प्रवाशाच्या बाजूने आहेत, कारण विमान युद्धामुळे रद्द झाले तरी जेवण आणि राहण्याची सोय कंपनीला करावी लागते. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जायचे की नाही हे कशावरून ठरवावे, असे लोक विचारतात तेव्हा मी त्यांना हर्णैच्या बंदराची आठवण देतो. तेथे धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की आकाश निरभ्र दिसत असले तरी तांडेल होडी बाहेर काढत नाही. विमानप्रवासातही बावटे असतात, फक्त ते कोठे पाहायचे हे माहीत हवे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि त्या त्या देशातील दूतावासाच्या सूचना हा पहिला. युरोपची विमान सुरक्षा संस्था संघर्षग्रस्त आकाशाविषयी जाहीर पत्रके काढते, ती कोणालाही वाचता येतात. आणि सर्वांत सोपा बावटा म्हणजे इतर विमान कंपन्यांचे वागणे. एरवी त्या शहराला जाणाऱ्या युरोपीय कंपन्यांनी आपली उड्डाणे थांबवली असतील, तर भाडे एकाएकी का उतरले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी आणि निघण्याच्या दिवशी हे पाहावे, आणि परिस्थिती बिघडलेली दिसली तर कंपनी तारीख किंवा मार्ग विनाशुल्क बदलून देते का, हे विचारावे. तणावाच्या काळात कंपन्या अनेकदा तशी सवलत जाहीर करतात, पण विचारल्याशिवाय ती प्रवाशापर्यंत पोचत नाही. आपल्याला तर विमानतळाआधीचाही प्रवास मोठा आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि महामार्गाचा भरवसा नसतो. विमान रद्द झाल्याचे घरी असतानाच कळले तर किती हेलपाटा वाचतो, हे सहार विमानतळाबाहेर सामानासह रात्र काढलेल्या आपल्या माणसांना विचारावे.

काही मागण्या करून थांबतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनांत ‘अनावश्यक प्रवास टाळावा’ असे असते तेव्हा, केवळ विमान बदलणाऱ्यांनी काय करावे, याचे उत्तर बहुधा त्यात नसते. ते एका वाक्यात तरी असावे. आपल्या तालुक्यांच्या ठिकाणी तिकिटे काढून देणाऱ्या एजंटांनी प्रवास एका पीएनआरवर आहे की सुट्या तिकिटांवर, थांबा किती तासांचा आहे आणि तेथे बाहेर पडायला व्हिसा लागतो का, या तीन गोष्टी तिकिटाच्या कागदावर मराठीत लिहून द्याव्यात, आणि त्या लिहून दिल्याशिवाय ग्राहकांनीही पैसे देऊ नयेत. आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की, आखातातील आकाश बंद झाल्याची बातमी छापताना तिच्याच शेजारी संबंधित भारतीय दूतावासांचे मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळक छापावेत. ते कात्रण अनेक घरांत फोनशेजारी भिंतीवर लावले जाईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दर्यावर्दी
दापोली, जि. रत्नागिरी